मुलगा २३ वर्षांचा, शाळा संपली, आता अंगावर येतो. वसतिगृहात ठेवावं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा २३ वर्षांचा. ऑटिझम, सोबत बौद्धिक अक्षमता, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली, तेव्हापासून घरीच. गेले चार महिने स्वतःच्या गालावर मारून घेतो, आईच्या अंगावर धावून येतो. डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली. आता दिवसभर पेंगतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच. वडील सरकारी नोकरीत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. नातेवाईक म्हणतात, कुठल्यातरी वसतिगृहात घाला आणि मोकळे व्हा. ताईंचा प्रश्न एवढाच, की गावात राहून, घरी ठेवून काही करता येण्यासारखं आहे का?

ताई, आहे. मी विशेष शिक्षिका म्हणून सुरुवात केली आणि गेली बरीच वर्षं सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मोठ्या झालेल्या मुलांच्या घरी जाऊन काम करते. वसतिगृहापर्यंत पोचलेल्या घरांची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते. शाळा संपते, दिवस रिकामा होतो, कुठेतरी दुखायला लागतं, ते सांगता येत नाही, मारामारी सुरू होते, गोळी वाढते, आई थकते. वसतिगृह या साखळीच्या शेवटच्या कडीला येतं. मधली एकही कडी कुणी नीट पाहिलेली नसते.

गालावर मारून घेतो हे वाचल्याबरोबर मी आधी दाताचं विचारीन.

आमच्या शाळेत एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. जबड्यावर बुक्क्या मारायचा, जवळ जाईल त्याला ढकलायचा. घरच्यांनी, दवाखान्यानं आणि शाळेनं मिळून त्याला ‘आक्रमक’ ठरवलं. शाळेत मीच होते, म्हणजे ठरवणाऱ्यांत मीही आले. शेवटी त्याच्या आजीनं सांगितलं, ‘हा हल्ली भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खात नाही, आणि चावतो ते डावीकडनंच.’ उजवीकडच्या दाढेखाली पू झाला होता. दाढ काढली आणि तिसऱ्या आठवड्यात हात खाली आले. चढवलेल्या गोळ्या उतरवायला मात्र पुढे आठ महिने लागले. तेव्हापासून ‘वागणूक’ हा शब्द मी दात, कान, पोट आणि झोप तपासल्याशिवाय लिहीत नाही. कानात मळ घट्ट बसलेला असतो, चार-चार दिवस शौचाला झालेलं नसतं (काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं), जेवणानंतर छातीत जळजळतं. बोलता न येणाऱ्या माणसाकडे हे सांगायला हातच उरतो.

दंतवैद्याकडे थेट खुर्चीत बसवायला जाऊ नका. आधी एकदा नुसतं दवाखान्यात जाऊन परत या. दुसऱ्यांदा खुर्चीत बसणं, लाइट बघणं, घरी. काहीच जमलं नाही तर सरकारी दंत महाविद्यालयात भूल देऊन तपासणी होऊ शकते का ते विचारा. भूल द्यायचीच असेल तर त्याच वेळी कान, रक्त, नखं सगळं उरकून घ्यायची विनंती करा. डॉक्टर ऐकतात, आपण आधी सांगितलं तर.

दुसरं काम, दोनशे पानी वही. प्रत्येक वेळी तीनच ओळी: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. ‘फार त्रास दिला’ असं लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. ‘मंगळवार, संध्याकाळी ६.१०. बाबा फोनवर बोलत चपला घालून बाहेर गेले. दाराशी जाऊन गालावर चार-पाच मारले, मला ढकललं. मी बिस्किटाचा पुडा दिला, शांत.’ असं लिहायचं. अशा पंधरा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. या एका नोंदीतूनसुद्धा दोन गोष्टी दिसतात. त्याला बाहेर जायचंय, आणि मारलं की बिस्किट मिळतं हे आपणच त्याला शिकवतोय. बिस्किट द्यायला हरकत नाही, पण ते सहा वाजताच, हात उठायच्या आत, चपलांचं चित्र दाखवून ‘बाहेर’ म्हणत द्या.

गोळ्यांबद्दल एकच विनंती, स्वतःच्या मनानं बंद करू नका. अचानक बंद केल्यानं होणारा त्रास मी पाहिलाय, तो मूळ त्रासापेक्षा वाईट असतो. पण पुढच्या भेटीत वही घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: ही गोळी नेमकी कशासाठी, तिचा उपयोग होतोय की नाही हे आपण कधी आणि कशावरून ठरवायचं, वजन आणि रक्तातली साखर शेवटची कधी पाहिली. इंग्लंडमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य यंत्रणेनं अंदाज काढला, की बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांना योग्य कारण नसताना रोज मनावर परिणाम करणारी औषधं दिली जातात. त्यानंतर तिथे ती कमी करण्याची मोहीमच सुरू झाली. आपल्याकडे असं कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण ज्या घरी जाते तिथे औषधांचा डबा उघडून पाहते आणि अंदाज येतो.

आता मुख्य गोष्ट, दिवस. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याच्याबद्दलच कुणी विचारत नाही. २३ वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी उठतो, खातो, टीव्ही बघतो, खातो, झोपतो. लॉकडाउनमध्ये आपण सगळे असे बसलो होतो तेव्हा आपली काय गत झाली होती ते आठवा. त्याचा लॉकडाउन अठराव्या वर्षी सुरू झाला आणि उठलाच नाही.

एका गावात तिशीचा एक जण होता. रोज दुपारी सव्वाचारला घरातून पळायचा, थेट एसटी स्टँडवर. घरच्यांनी दाराला कुलूप लावलं, त्यानं खिडकीची काच फोडली. नऊ टाके पडले. वसतिगृहाचा अर्ज भरून झाला होता. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, आपण त्याच्या मागे जाऊ. गेलो. तो फलाटाच्या टोकाला उभा राहिला. एक गाडी मागे घेत फलाटाला लागली, कंडक्टरनं घंटी मारली, पाटी बदलली गेली. यानं टाळ्या वाजवल्या आणि वळून घरी निघाला. बस्स, एवढंच. लहानपणी आजोबा याच गाडीनं शेतावरून यायचे, तो त्यांना आणायला जायचा, हे त्याच्या आईला तेव्हा कुठे आठवलं.

कुलूप काढलं. पहिले दोन महिने कुणीतरी बरोबर जायचं, मग वीस पावलं मागे, मग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच. दरम्यान वाहतूक नियंत्रकाला आणि चहाच्या टपरीवाल्याला सगळं सांगून ठेवलं. टपरीवाल्यानं स्वतःहूनच त्याला रिकामे ग्लास गोळा करायला लावलं. सातव्या महिन्यात तो एकटा जाऊन, तासभर काम करून, एक कटिंग पिऊन परत यायला लागला. टपरीवाला रोजचे वीस रुपये द्यायचा. वीस रुपये कमी आहेत यावरून माझं त्याच्याशी भांडणही झालंय, नंतर त्यानं वाढवले. सगळ्या मोठ्या मुलांनी पाकिटं चिकटवावीत आणि खडू बनवावेत असं कुणी ठरवलंय कोण जाणे. पिठाच्या गिरणीत डबे रांगेत लावणं, किराणा दुकानात पुड्या भरणं, चार घरी दूध पोचवणं, देवळाचं अंगण झाडणं ही गावातली खरी कामं आहेत. ज्याला क्रम आवडतो आणि एकच गोष्ट शंभरदा करायचा कंटाळा येत नाही, त्याच्याइतका चांगला माणूस या कामांना मिळायचा नाही.

तुमच्याकडे सुरुवात लहान करा. त्याच्या स्वतःच्या वस्तूंचे पाच फोटो काढा: त्याची बादली, त्याचं ताट, त्याच्या चपला, दुधाची किटली, गादी. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी क्रमानं लावा. काम झालं की फोटो काढून डब्यात टाकायचा, त्याच्याच हातानं. इंटरनेटवरची कार्टून चित्रं नकोत, त्यातली बादली त्याला बादली वाटेलच असं नाही. त्यात रोज एक तरी जागा त्याच्या निवडीची ठेवा. निळा शर्ट की हिरवा, एवढं का असेना. पेंगुळलेल्या माणसाला हे जमणार नाही, म्हणून गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोलणं आधी.

मग आळीतली पाच माणसं. पाचच, आणि नावानिशी ठरवा: वाणी, न्हावी, शेजारची काकू, रिक्षावाला, कोपऱ्यावरचा मोबाइल दुकानातला पोरगा. त्यांना ‘ऑटिझम म्हणजे काय’ यावर भाषण देऊ नका. त्याच्याशी कसं वागायचं तेवढंच सांगा: ‘मोठ्यानं बोललं की त्याला त्रास होतो. मागून हात लावू नका. काही विचारलं तर दहा आकडे मोजेपर्यंत थांबा.’ न्हाव्याला सांगून दुपारी दुकान रिकामं असताना न्या, मशिनऐवजी कात्री वापरायला सांगा, आरशाकडे पाठ करून बसवून बघा. खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड असू द्या: त्याचं नाव, ‘मला ऐकू येतं, पण बोलता येत नाही. हात धरू नका, पाणी द्या, या नंबरवर फोन करा.’ त्याचा ताजा फोटो आणि तेच कार्ड पोलीस ठाण्यातही देऊन ठेवा. हरवल्यावर तिथे जाऊन रडत सांगण्यापेक्षा आधी चहा पीत सांगितलेलं लक्षात राहतं. गणपतीत आणि लग्नसराईत डीजेचे दिवस कॅलेंडरवर आधी खुणा करून मामाच्या गावी जायची सोय बघा. त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही. ती मी लिहिते: तुम्हाला सुट्टी हवी. नॅशनल ट्रस्ट (ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशा व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची संस्था) हिच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या निवासी सोयीच्या योजना आहेत, ‘विकास’ ही दिवसभराच्या केंद्राची. पण त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात आणि तालुक्याच्या गावात क्वचितच पोचतात. म्हणून आम्ही एका तालुक्यात चार आयांचा गट केला. दर शनिवारी एकीच्या घरी सगळी मुलं, तीन तास. पहिला गट तीन महिन्यांत फुटला, कारण एक बाई मुलगा सोडून जायच्या आणि त्यांची पाळी आली की घरी पाहुणे असायचे. दुसऱ्या वेळी आम्ही तासांची वही ठेवली, भिशीसारखी. घेतलेले तास फेडल्याशिवाय पुढचे नाहीत. तो गट अजून चालू आहे. ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं अपेक्षित असतं. एकट्यानं अर्ज केला तर एखादी वस्तू हातात पडते. पाच घरांनी मिळून समाजमंदिराची खोली, एक मदतनीस आणि रोजचे तीन तास मागा. द्यायला त्यांनाही सोपं जातं.

कागदांचं थोडक्यात. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं तुम्ही त्याचे आपोआप पालक राहत नाही, हे बँकेत गेल्यावरच लोकांना कळतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर काढा. नॅशनल ट्रस्टच्याच ‘निरामय’ या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, थेरपीचाही खर्च त्यात बसतो, मात्र दर वर्षी नूतनीकरण विसरायचं नाही आणि बिलं जपून ठेवायची. आणि हे सगळ्यात निकडीचं: वडील निवृत्त व्हायच्या आत पेन्शनच्या कागदांत मुलाचं नाव अपंगत्वाच्या उल्लेखासह आणि दाखल्यासह घालून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या अशा मुलाला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. आईवडील गेल्यावर हे सिद्ध करत फिरणारी भावंडं मी पाहिली आहेत.

दाखल्यावरच्या शब्दाकडेही लक्ष द्या. ‘मतिमंद’ हा शब्द जिवावर येतो म्हणून बरेच पालक ‘एलडी’ म्हणतात. आपल्याकडे एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सियासारखी (वाचायला-लिहायला अडचण). इंग्लंडात मात्र ‘लर्निंग डिसेबिलिटी’चा अर्थ आपली बौद्धिक अक्षमता असा होतो, त्यामुळे नेटवर वाचणाऱ्यांचा आणखी घोळ होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि हे दोन्ही त्यात वेगवेगळे मोजले आहेत. चुकीचा प्रकार पडला तर निरामयही मिळत नाही आणि पालकत्वही. ‘लग्न केलं की सुधारेल’ असं म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं ते तुमच्यावर सोपवते. मी त्यांना चहा देत नाही.

आणि तरीही वसतिगृहाची वेळ आलीच तर? येऊ शकते, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. महाराष्ट्रात पालकांनी एकत्र येऊन उभी केलेली चांगली घरं आहेत. पण निवड घाईत, मारामारीच्या आठवड्यात करू नका. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्यांसाठीच. एका माणसाचे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घ्यायचे, सरकारी पैशातून. २०११ साली बीबीसीनं छुप्या कॅमेऱ्यानं तिथली मारहाण दाखवली. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. सरकारनं शब्द दिला, की रुग्णालयात विनाकारण अडकलेल्यांना जून २०१४ पर्यंत आपापल्या गावी आणू. मुदत उलटली आणि त्यानंतर दहा वर्षांनीही दोन हजारांच्या आसपास लोक अशा रुग्णालयांत होतेच. पैसा होता, कायदा होता. गावात मात्र मुलगा बिघडला त्या रात्री दाराशी येणारं कुणी नव्हतं, म्हणून रुग्णालय. आणि घरापासून लांब, म्हणून बघायला कुणी नाही.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा संध्याकाळी सात वाजता जा, न कळवता. ऑफिसात बसू नका, जेवणाच्या पंगतीत उभ्या राहा. प्रत्येकाचे कपडे वेगळे आहेत का, की सगळ्यांचे एकाच ढिगात? रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात? न्हाणीघराला आतून कडी आहे का? औषधांची वही दाखवतात का? रविवारी ही मुलं काय करतात? ‘पहिले तीन महिने भेटायला येऊ नका, म्हणजे रुळतो’ असं कुणी म्हणालं तर चपला घाला आणि परत या. रुळणं आणि गप्प होणं यातला फरक ओळखणारं माणूस त्या काळात जवळ पाहिजे, आणि ते तुम्हीच आहात.

बहीण-भाऊ असेल तर या सगळ्यात त्याला किंवा तिला आत्ताच बसवा, पण सांभाळायचं वचन मागू नका. कोणते कागद कुठे आहेत, त्याला काय आवडतं, कशानं घाबरतो हे माहीत असलं तरी पुष्कळ.

या आठवड्यात एवढंच करा: वही आणा, दंतवैद्याला फोन करा आणि उद्या संध्याकाळी बाबांना सांगा, सहाला बाहेर जाताना त्याच्याही चपला काढा. गिरणीपर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. पंधरा दिवसांची पानं भरली की त्यांचे फोटो मला पाठवा. गालावर मारलेल्या प्रत्येक नोंदीपुढे तो त्या दिवशी काय जेवला होता आणि कोणत्या बाजूनं चावत होता, तेही लिहा.